मिरचीच्या वाऱ्यातले देश

संक्रांत झाली की हुबळीतल्या नवनगरातला दुपारचा वारा बदलतो. अमरगोळच्या बाजार आवारात मिरचीची पोती उघडू लागतात, आणि तिथून आमच्या गच्चीवर जो वारा येतो त्याला नक्की रंग असणार असं मला दरवर्षी वाटतं. दिसत काहीच नाही. आधी नाकाच्या शेंड्याला हुळहुळतं, मग घशात काहीतरी गोडसर-कडवट उतरतं, आणि ओळीतल्या कुठल्यातरी घरातून पहिली शिंक ऐकू येते. मग एकामागून एक घरं शिंकत जातात. आज शेजारच्या शांताक्का शिंकल्या तेव्हा मी चहाच्या कपबश्या विसळून पालथ्या घालत होते. हात तसेच ओले राहिले आणि मला सानिका दिसली, गच्चीच्या पायरीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

ओजस, मीरा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की सानिकाताईला निवडायला दोन देश कसे मिळाले, आणि तिनं त्यातला एक निवडला कसा. मी म्हणाले, लिहून कळवते. फोनवर असल्या गोष्टी नीट सांगता येत नाहीत. तुमच्या टोरंटोत कुणाचं तरी सूप गार होत असतं, आणि इकडे तुमचे आजोबा मध्येच येऊन हवामान विचारतात.

सानिका गेल्या वर्षी शाळा आणि कॉलेज यांच्या मधल्या मोकळ्या महिन्यांत डेन्मार्कहून इथं आली होती. तिकडे अशी मोकळीक घेणं वावगं समजत नाहीत. येताना तिनं कपडे थोडे आणले आणि संगणक मोठा आणला. तो मागच्या खोलीत, शिवणाच्या मशीनशेजारी मांडला. मी त्याखाली स्वच्छ चादर घातली. ती म्हणाली, "आज्जी, याला चादर लागत नाही, वारा लागतो." मी चादर काढली आणि खिडकी उघडली. खिडकीतून मिरची आली. पहिल्याच दिवशी सामन्याच्या ऐन मोक्यावर, नेम धरलेला असताना, ती शिंकली आणि मेली. खेळात मेली. "मिरचीनं मारलं," असं तिनं आपल्या डॅनिश मैत्रिणींना कळवलं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

पाच विरुद्ध पाच असा तो खेळ. सानिका त्यात किती चांगली आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ती येऊन आठवडा झाला नसेल, तोवर बंगळुरूहून पत्र आलं. एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींची देशादेशांची स्पर्धा पुढच्या वर्षी होणार होती, आणि भारताच्या संघाला ती हवी होती. जन्म हुबळीचा, म्हणून भारताकडून खेळता येत होतं. बारा महिने राहणं तिकडे, म्हणून डेन्मार्ककडूनही येत होतं. भारताकडे जागा पक्की. डेन्मार्ककडे चाचणी, आणि चाचणीत निवडली गेली तरी राखीव खेळाडू. मिरचीचा हंगाम संपायच्या आत तिला कळवायचं होतं.

"तू भूगोल शिकवायचीस ना," ती मला म्हणाली, "मग तूच सांग."

भूगोल मी आयुष्यभर शिकवला, धारवाडच्या इंग्रजी शाळेत, तेव्हा मला हा प्रश्न अवघड वाटला नाही. आम्ही रोज दुपारी जेवणानंतर दिवाणखान्यात बसायचो. ती जगभरच्या जुन्या सामन्यांची चित्रणं लावायची. मी पडदे अर्धे ओढायची. अर्ध्या पडद्यातून ऊन जमिनीवर यायचं आणि हळूहळू टीव्हीच्या दिशेनं सरकायचं, आणि त्या उन्हाच्या पलीकडे कोरिया, चीन, ब्राझील असे देश यायचे आणि जायचे. मला खेळातलं काही कळत नव्हतं. कोण कुणावर का धावतंय, ते कळायला बरेच दिवस लागले. पण न कळणारं बघत राहण्यातही एक गुंगी असते. वातीसाठी कापूस पिंजत बसलं की जशी येते, तशी.

मी तिला माझ्या धड्यातले प्रश्न विचारायची. तिथं हवा कशी असते? मुलं खेळायला कुठं जमतात? ती हसायची, पण उत्तर द्यायची. कोरियात म्हणे गल्लोगल्ली संगणकांच्या खोल्या आहेत, ओळीनं मांडलेल्या. तिथं मुलं शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लावून वाढतात. मग मला त्यांच्या खेळात ते कोपर दिसायला लागलं. पाचही जण एका वेळी वळायचे, एका वेळी थांबायचे, घाई कुणाला म्हणून नसायची. पहिल्या अर्ध्या तासात मला त्यांचा कंटाळा यायचा आणि दुसऱ्या अर्ध्या तासात ते जिंकलेले असायचे. चीनची मुलं पार वेगळी. लहानपणीच घर सोडून प्रशिक्षणाच्या वसतिगृहात राहिलेली, संख्येनं पुष्कळ, आणि झुंजायला एवढी उतावीळ की समोरचा तयार होण्याआधी अंगावर. या दोघांपैकी कुणीतरी बहुतेक वेळा शेवटपर्यंत असायचंच. ब्राझीलचा सामना असला की आवाज कमी करावा लागायचा. खेळणाऱ्यांपेक्षा बघणारेच जास्त गायचे, आणि त्या गाण्यावर तरंगत ती मुलं हरत आलेला डाव फिरवायची. अमेरिका पैसेवाली. बाहेरच्या देशांतून खेळाडू आणायची, आणि मग त्या आणलेल्यांना एकमेकांशी बोलायला शिकवत बसायची.

पाकिस्तानचं ऐकून आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवून आले. दोघांनी समोरासमोर मारामारी करायचा एक वेगळा खेळ आहे. त्यात जपान-कोरियाच्या मातब्बरांना लाहोरकडची मुलं हरवतात म्हणे. बाजारातल्या दाटीच्या दुकानांत शिकलेली मुलं. हरला की उठायचं, मागचा बसणार.

"म्हणजे आमच्या कापडाच्या दुकानासारखं," आजोबा म्हणाले. "एक गिऱ्हाईक उठलं की दुसरं."

"आजोबा, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक मरत नाही," सानिका म्हणाली.

"भाव ऐकून मरतंय की कधी कधी."

आणि भारत. भारताचे सामने बघताना मी उगीच ताठ बसायची. हातातल्या फोनवरचा खेळ असला की आपली मुलं कुठल्या कुठं जातात. तो खेळ आपल्याकडे बसस्टँडवर, जिन्यात, ट्रॅक्टरच्या सीटवर बसून शिकलेला. ज्याचा त्याचा फोन, ज्याचा त्याचा कोपरा. डोळा तेज आणि अंगठा त्याहून तेज. पण संगणकावरच्या पाच जणांच्या खेळात ती मुलं लवकर हरून घरी यायची. महाग यंत्र घरोघर कुठून येणार? आणि एकेकटं शिकलेलं पाच जणांत मिसळायला वेळ लागतो. सानिका म्हणायची, "हात आपले जगात कुणाहून कमी नाहीत, आज्जी. फक्त एकमेकांना सांगत नाहीत."

डेन्मार्क मला शेवटी दाखवलं. एवढासा देश. नकाशावर मी विद्यार्थ्यांना तो दाखवताना पट्टीचं टोक वापरायची. हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं, तेव्हा मुलं आपापले संगणक उचलून शाळेच्या सभागृहात जमतात आणि तिथंच गाद्या टाकून झोपतात. मोठमोठ्या देशांना हा एवढासा देश हरवताना मी बघितला. त्यांचं मला विशेष वाटलं ते बोलणं. डाव संपला की प्रशिक्षकाशी सगळ्यात लहान मुलगासुद्धा वाद घालायचा, आणि प्रशिक्षक मान हलवायचा. आमच्या शाळेत असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी पालक बोलवावे लागले असते.

"तू प्रत्येक देशाला प्रगतिपुस्तक देतेस," सानिका मला चिडवायची. "कोरिया, नीटनेटका. चीन, दांडगट. ब्राझील, वर्गात गातो."

"मग चुकलं काय त्यात?"

"माणसं तशी नसतात. मी एकही डॅनिश मुलगी बघितली नाही जिला तुझं डेन्मार्क लागू पडेल."

"आणि तू?"

ऊन टीव्हीपर्यंत पोचलं होतं आणि पडद्यावरचं काही दिसेनासं झालं होतं. तिला कुणीतरी हलकेच त्या दोन देशांमधून उचलून बाजूला ठेवावं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि मला काय हवं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. भारताकडून खेळली तर सरावाचं शिबिर बंगळुरूला. बंगळुरूहून हुबळी म्हणजे एका रात्रीची गाडी. दर सुट्टीला ती येईल, मागच्या खोलीत झोपेल, सकाळी आंबोळीला लोणी जास्त मागेल. मी त्या खोलीसाठी नवे पडदे शिवायला घेतले होते. आजोबांनी दुकानातलं चांगलं कापड आणून दिलं होतं.

विद्यानगरात एका मिठाईच्या दुकानावर संगणकांचं खेळघर आहे. तिथल्या मुलांना सानिकाचा सुगावा लागला. त्यांच्यात एक जण कमी होता आणि बेळगावच्या मुलांशी सामना होता. ती मला घेऊन गेली. प्लास्टिकच्या खुर्चीवर, पंख्याखाली, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन मी सगळ्यांच्या मागे बसले. खालून जिलेबीच्या पाकाचा वास येत होता. संघाचा कप्तान बसवराज, त्याला सगळे बसू म्हणत. कॉलेजचा मुलगा. तो कन्नडमध्ये हुकूम द्यायचा, हिंदीत शिव्या द्यायचा, आणि सानिकाकडे वळला की मराठीत मऊ व्हायचा. "अक्का, तू उजवीकडनं ये की जरा." हुबळीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या दाजीबानपेठेतल्या दुकानात तर तो रिवाजच आहे. गिऱ्हाईक ज्या भाषेत उंबरा ओलांडेल, त्या भाषेत त्याला बसा म्हणायचं. तुमच्या पणजोबांना गिऱ्हाईकाच्या चपला बघूनच भाषा कळायची म्हणतात.

सानिकाचं मराठी सुरेख आहे. ती त्या मुलांशी नीट, पूर्ण वाक्यांत बोलत होती. डाव बरोबरीत आला. शेवटचा भाग. बसू पुढे होता, सानिका त्याच्या मागे लांब, आणि बेळगावचा एक मुलगा कुठून तरी बसूच्या पाठीशी आला. तो तिला एकटीला दिसला. तिनं ओरडून सांगितलं. एक आखूड, घशातून आलेला शब्द. दुसऱ्यांदा तोच, आणखी जोरात. बसूनं मान वळवून तिच्याकडेच बघितलं, खरोखरच्या खोलीत, खरोखरच्या खुर्चीवरून. तेवढ्यात तो मेला, आणि हुबळी हरली.

"अक्का, काय म्हणालीस ते?"

"मागे आहे, असं म्हणाले."

"कुठल्या भाषेत?"

तिला खरंच माहीत नव्हतं.

"मागं म्हण, पीछे म्हण, कन्नडात म्हण," बसू म्हणाला. "तिन्ही चालतात आमच्यात. ही चौथी कुठली काढलीस?"

सगळे हसले, तीही हसली. बेळगावच्या मुलांनी चिवडा खाल्ला. माझ्या कानात मात्र तो शब्द राहिला. घरी येताना रिक्षात वारा लागत होता, सानिका काहीबाही बोलत होती, आणि मी पुण्यात होते. माझ्या लग्नाआधीच्या पुण्यात. विद्यापीठाच्या बॅडमिंटन संघातून मी तिथं खेळायला गेले होते, धारवाडची गिरिजा माझी जोडीदार. आम्ही कर्नाटकाकडून, समोर पुण्याच्या मुली. वर सज्जात माझी आत्या तिच्या मैत्रिणींना घेऊन भाचीचा खेळ बघायला आलेली. दुहेरीत फूल दोघींच्या मध्ये आलं की जी घेणार ती ओरडून सांगते, माझं. सामना आम्ही जिंकलो. रात्री वाढताना आत्या म्हणाली, "काय गं, तू कन्नडात ओरडत होतीस." मी म्हणाले, छे. "छे काय? सगळा वेळ नंदु, नंदु चाललं होतं तुझं." नंदु म्हणजे माझं. मी एकदाही तसं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि गिरिजाशी तर मी मराठीतही पुष्कळ बोलायची. आत्यानं भात वाढला पण त्यावर तूप घालायला विसरली. तिला लागलं होतं. मलाही काहीतरी लागलं होतं, पण ते दुखणं नव्हतं. अंधारात चालताना आपलंच दार हाताला लागावं, तसं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्षाची मिरची गच्चीवर पसरली. ब्याडगीची, सुरकुतलेली, काळपट लाल. सानिका देठ खुडायला माझ्यासमोर बसली. बोटांना रंग चढत होता. शांताक्का पलीकडच्या गच्चीवरून आमच्याकडे बघून म्हणाल्या, "डोळ्याला हात लावू नको गं पुट्टी, आठवडाभर रडशील." सानिकानं मान डोलावली आणि मला म्हणाली, "आज्जी, आता सांग."

मी म्हणाले, "काल तू डॅनिशमध्ये ओरडलीस ते तुला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं."

"तू घाबरल्यावर ज्यांना हाक मारतेस, त्यांच्याकडून खेळ."

तिनं हातातली मिरची खाली ठेवली. "म्हणजे मी इथली नव्हे?"

"खेळाचं सांगत्ये मी."

"खेळाचं नाहीच विचारलं मी कधी," ती म्हणाली. "तिकडे मी राखीव. बाकावर बसेन. इथं सगळ्यांना मी हवी आहे. तुला पण हवी आहे, मला माहितीय, पडदे शिवतेस ते. आणि तू म्हणतेस जा."

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हातांना मिरची होती. तिच्याही हातांना होती. आम्ही दोघी तशाच समोरासमोर बसून राहिलो, हात अंगापासून दूर धरून. मग ती उठून खाली गेली. संध्याकाळी आजोबा म्हणाले, "हाकललीस काय पोरीला?" मी पडद्यांची शिवण तेवढी पुरी केली, कारण अर्धवट काम माझ्याच्यानं ठेववत नाही. जाईपर्यंत सानिका माझ्याशी चांगलीच वागली, अगदी पाहुणीसारखी, आणि तेच मला जड गेलं. विमानतळाच्या गाडीत बसताना म्हणाली, "मी डेन्मार्कला हो कळवलंय." एवढंच.

यंदा ती स्पर्धा झाली. तुम्ही ती तुमच्याकडे पहाटे उठून बघितलीत, इथं ती दुपारी लागायची. सुरुवातीचे सगळे सामने सानिका बाकावरच होती. कॅमेरा कधीतरी तिच्यावरून जायचा. पाण्याची बाटली, मांडीवर हात. मी पडदे अर्धे ओढून एकटी बघत असे, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत असे की इथं असती तर खेळली असती. मग भारत आणि डेन्मार्क समोरासमोर आले, आणि त्या दिवशी डेन्मार्कची एक मुलगी आजारी पडली, म्हणून तिच्या जागी सानिका खेळायला बसली.

दिवाणखाना भरला होता. शांताक्का, त्यांची सून, बसू आणि त्याची मुलं. आजोबांनी दुकान लवकर बंद केलं होतं. सगळे भारताकडून, साहजिकच. सानिका दिसली की सगळे टाळ्या वाजवायचे आणि लगेच, ती हरावी म्हणून देवाला हात जोडायचे. "दोन्ही आपलेच आज्जी, काय काळजी?" बसू मला म्हणाला. मला तसं वाटत नव्हतं. भारताचा एकेक गुण वाढत होता तशी मी पडद्यावर सानिकाला शोधत होते. आपली मुलं त्या दिवशी फार सुंदर खेळली. एकेकटी शिकलेली ती मुलं पाचही जण एका वेळी वळत होती, एका वेळी थांबत होती. मी ते बघितलं, मला ते कळलंसुद्धा, आणि मी डेन्मार्ककडून बसले होते. भारत जिंकला. घरात जिलेबी आली. मी सगळ्यांना बश्या दिल्या, चमचे दिले, आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. देश जिंकल्याचं दुःख मला आयुष्यात पहिल्यांदा झालं. लाज वाटेल असं वाटलं होतं, ती वाटली नाही.

फोन संध्याकाळी आला.

"आज्जी, हरलो."

"बघितलं मी. इकडून खेळली असतीस तर जिंकली असतीस." हे बोलायचं नाही असं मी दुपारपासून ठरवलं होतं.

"असते," ती म्हणाली. "पण मी ओरडले की सगळे लगेच वळत होते. तुला ते ऐकू आलं नसेल, टीव्हीवर बोलणं लावत नाहीत. मला एकदाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही." मग तिनं विचारलं, "तू कुणाकडून होतीस?"

"डेन्मार्ककडून."

"घरात सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिच्या मागे मुलांचा आवाज येत होता, भांड्यांचा आवाज येत होता. हरून जेवायला बसलेल्या मुलांचा आवाज कुठल्याही देशात सारखाच असतो.

"मग तू ये ना इकडे," ती म्हणाली. "नेहमी मीच का यायचं?"

आजवर मी या प्रश्नाला थंडीचं कारण देत आले. तुम्हालाही तेच दिलं. या वेळी थंडीचं नाव तोंडात आलं, तिथंच ते विरलं. मी येते म्हणाले. आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आणि तिथं जाऊन दिवसभर करणार काय?" मी म्हणाले, ती खेळेल तिथं मागे बसणार. शांताक्कांनी त्यांच्या सुनेचा लांब कोट आणून दिला आहे. तो मला पायघोळ होतो, पण उबदार आहे. खाली दुमड घालून टाके घेतले आहेत.

लोक मला विचारतात, एवढ्या अंधारात तिथली माणसं हिवाळाभर जगतात तरी कशी. सानिका म्हणते, काही विशेष नाही, दिवे लावतात आणि एकमेकांजवळ बसतात. तेवढं मला येतं.